वामनच्या नावाची चिमूट

देऊळघाट, पौष वद्य ११, शके १८४६

बाबा आषाढात गेले. तेव्हापासून या घरात मला चूक दाखवणारं कोणी उरलं नाही आणि माझ्या चुका मात्र वाढल्या आहेत, असं विमलचं म्हणणं आहे. बायको म्हणून ती म्हणणारच. पण आज संध्याकाळी ओसरीवर बसून एका देशमुख घराण्याची वंशावळ म्हणून पाहिली आणि सहाव्या पिढीत दोन भाऊ उलटसुलट झाले, तेव्हा मलाही ते पटलं. बाबा असते तर आतून नुसते खाकरले असते. त्या खाकरण्याची मला लहानपणापासून चीड होती. आज कान तिकडेच लागले होते.

आम्ही भाट. सुगी आटोपली की गावोगाव फिरायचं, यजमानांच्या घरी त्यांच्या पूर्वजांची नावं मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत म्हणून दाखवायची, नवी जन्ममरणं जोडून घ्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं. एका घरी तीन वर्षांतून एकदा पाळी येते. आजवर बाबा म्हणायचे आणि मी मागून सूर धरायचो. यंदा पहिल्यांदा एकटा जाणार. तेही चाळिशीला टेकल्यावर.

ही वही बुलढाण्याच्या बाजारातून आणली. लोकांच्या घरात ऐकलेलं नावापलीकडे कागदावर उतरवायचं नाही, हा बाबांचा नियम होता. मी यात माझंच लिहिणार आहे. दुसऱ्याचं आलंच तर ते ओघानं, त्याला माझा इलाज नाही.

विमलनं बाबांचा शेला धुवायला काढला होता. त्याच्या एका पदराला गाठ आहे आणि गाठीत जोंधळ्याचे थोडे दाणे हाताला लागतात. ती गाठ सोडायला लागली तशी मी एकदम ओरडलो. बाबांच्या हातची आहे, राहू दे म्हणालो. कशासाठी बांधली होती देव जाणे. शेवटी शेवटी ते वाटेल ते कनवटीला लावत. मळका शेला पांघरून मोठ्या लोकांच्या घरी जाणार का, असं विमलनं विचारलं. म्हटलं, जाणार. रात्रीच्या पिठल्यात तिखट जास्त होतं.

देऊळघाट, माघ शुद्ध २

उद्या निघायचं. दिवसभर ज्येष्ठमध चघळतो आहे. आवाज हेच आपलं भांडवल, आणि माझा आवाज बाबांपेक्षा चांगला आहे हे त्यांचे यजमानसुद्धा कबूल करत. बाबा मात्र म्हणत, सूर चांगला असला की माणूस नावापेक्षा सुरावर जास्त लक्ष देतो.

आज सारखे शिकण्याचे दिवस आठवत होते. माझी मराठी चौथी झाली तेव्हा मास्तर घरी आले होते, पोरगा हुशार आहे, पटवारी होईल म्हणाले. पटवाऱ्याला जमीन कळते, माणसं कुठं कळतात, असं बाबांनी त्यांना उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझी दुसरी शाळा सुरू झाली. नदीवरून डोक्यावर घागर घेऊन यायचं आणि येताना नावं म्हणायची. नाव अडलं की पाऊल अडतं, पाऊल अडलं की पाणी अंगावर. थंडीच्या दिवसांत कितीतरी घराणी मी ओल्या सदऱ्यानं पाठ केली. आई बाबांना बोल बोल बोलायची आणि मला चुलीपुढे बसवायची. तिथंही बाबा खाटेवरून विचारत, "मंग? जानोजीचे पोरं किती?"

मग बोटं. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, प्रत्येक पेराला एक शाखा. अजून कुणाचं आडनाव कानावर आलं की माझा अंगठा आपोआप त्या पेरावर जातो. वंशावळ उतरती म्हणायची, मग चढती, मग मधलाच एखादा पणजोबा धरून दोन्हीकडं जायचं. तोंडात हुरडा भरलेला असतानाच बाबा हटकून विचारायचे. नाव, गाव, कुळदैवत, देवक आणि मामाचं घर हे पाचही सांगितल्याशिवाय माणूस पुरा झाला असं ते मानत नसत. लग्नं जुळवणारे आमच्याकडे येतात ते देवकासाठी. दोन घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक मोडते.

आणि दाणे. ही रीत आमच्याच घराण्यात आहे, दुसरे भाट हसतात. ताटात जोंधळा घेऊन बसायचं आणि प्रत्येक नावाला एक चिमूट उचलायची. गेलेल्याची चिमूट पांढऱ्या फडक्यावर, जित्याची सुपात. फडक्यावरचे दाणे दुसऱ्या दिवशी पाखरांना घालायचे, सुपातले घरच्या बियाण्यात मिसळायचे. लहानपणी मला वाटायचं की पेरलेल्या जोंधळ्यातून माणसं उगवतात.

नियम एकच आणि पक्का. जन्म आईच्या तोंडून घ्यायचा, मरण घरच्या थोरल्याच्या तोंडून. भाटानं मनचं काही घालायचं नाही. "भाट एकदा खोटं बोलला तं त्या घरचे पुढचे सारेच खोटे होते," बाबा म्हणायचे.

नांदुरा, माघ शुद्ध ४

राजूरचा घाट उतरताना शकूर मन्यार भेटला, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. त्याची आणि माझी गावं बहुतेक तीच. त्याला बायकांची मनगटं पाठ, मला पुरुषांची नावं. दोघांचं मिळून एक घर पुरं होतं, असं तो म्हणतो. वाटेत त्यानं शेंगा खाऊ घातल्या आणि मी त्याला त्याच्याच आजोबांचं गाव सांगून चकित केलं. हे बाबांनी सांगून ठेवलेलं होतं, पण ते मी बोललो नाही.

यंदा अमडापूरच्या भगवानरावांकडे पाळी आहे असं मी म्हणालो, तेव्हा शकूर चालता चालता थांबला. दिवाळीत त्या घरी गेला होता तो.

"बुढीनं सुनेची जुनी बांगडी मापाले आनली," तो म्हणाला. "म्हने, शकूर, हिरव्या दे, पन मजबूत दे. आन् आत्ता भरू नको म्हने. कागदात बांधून दे."

मला ऐकवेना. बुढी म्हणजे भगवानरावांची आई मनकर्णाबाई. तिचा धाकटा मुलगा वामन मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीत नाव घालून बसऱ्याला गेला. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली, पुढे काही नाही. लढाई संपली, पलटणी परत आल्या. सरकारी यादीत तो मेलेल्यांत नाही आणि परतलेल्यांतही नाही. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो गेला. त्याची बायको तानुबाई तेव्हापासून कपाळाला कुंकू लावून त्या घरात राबते आहे. आणि म्हातारी अजून हिरव्या बांगड्या बांधून ठेवते, मुलगा आला की सुनेच्या हातात भरायच्या म्हणून. आईच्या आशेपुढं काय बोलणार?

शकूरला तसं म्हणालो तर तो माझ्याकडे पाहून नुसता हसला. धंद्याची माणसं ही, त्यांना असल्या गोष्टींचं काय!

जळगाव जामोद, माघ शुद्ध ७

या पूर्णाकाठच्या मुलखात पाणी खारं. चहाला चव नाही, घशाचं मातेरं. तरीही आज नारायणरावांच्या घरी वंशावळ म्हटली ती सणसणीत झाली, एक नाव अडलं नाही. शेवटची चिमूट त्यांच्या चार वर्षांच्या मुलाची. ती सुपात पडताच कारट्यानं उचलून तोंडात घातली आणि बैठकीतले सगळे हसले. बाबा असते तर तेही हसले असते, एरवी कामाच्या वेळी ते हसत नसत.

नारायणरावांची बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. जेवण झाल्यावर त्यांच्या आईनं मला थांबवून घेतलं आणि जे सांगितलं त्यानं माझं जेवण अंगी लागलं नाही. नारायणरावांचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, अमडापूरच्या त्याच तानुबाईशी लावावा असं मध्यस्थांचं बोलणं चाललं आहे. यांच्या जातीत विधवेचा पाट लागतो, नवऱ्याशी पटेना तर काडीमोड होते. पण तानुबाई ना विधवा, ना सोडलेली. काडी मोडायला समोर नवरा तर पाहिजे. पंचांनी डोकं खाजवून शेवटी ठरवलं, की यंदा वंशावळीत भाट वामनची चिमूट फडक्यावर टाकेल तर पाट लावून देऊ. नाही टाकली तर विषय बंद.

म्हणजे पुन्हा तीन वर्षं. आणि नारायणरावांची आई तोवर थांबणार नाही. दोन पोरांना रांधून घालायला तिच्या हातात आता बळ नाही. फाल्गुनापर्यंत वाट पाहीन, नाहीतर नांदुऱ्याकडची एक बाई पाहून ठेवली आहे, असं तिनं स्पष्टच सांगितलं. नारायणराव वेशीपर्यंत पोचवायला आले.

"बुवा, तुमी खोटं करा असं म्या म्हनत नाही," निरोप घेताना म्हणाले. "पन त्या बाईनं अजून किती वर्सं दाराकडं पाह्यत बसावं?"

माणूस मला आवडला. न आवडता तर सोपं झालं असतं.

एक गंमत लिहायची राहिली. कार्तिकात यांच्या दारी एक अनोळखी म्हातारी आली होती. देवदर्शनाला निघाले म्हणाली. पाणी मागितलं, पण रांजणातलं नको, विहिरीचं ताजंच काढून द्या म्हणाली आणि चूळ भरल्यासारखं तोंडात घोळवून प्यायली. विहीर कुठं, चूल कोणत्या अंगाला, पोरं रडकी आहेत का, नारायणराव बाजारातून परत कधी येतात, सगळं विचारलं आणि नाव न सांगता निघून गेली. नारायणरावांच्या आईची खात्री आहे की ती चोरांची हेर. लोकांना फिरस्त्यांचा भलता संशय. आम्ही भाटही फिरस्तेच, म्हणून मी त्या म्हातारीची बाजू घेतली.

खामगाव, माघ शुद्ध १०

नांदुऱ्याहून आगगाडीनं आलो, जलंबला गाडी बदलून. डब्यात कुणीतरी गात होतं, मला गावंसं वाटलं नाही.

मागच्या खेपेचं सारखं डोळ्यांपुढं येतं. अमडापूरच्या त्याच ओसरीवर बाबा बसले होते, मी त्यांच्या मागे. वामनचं नाव आलं. बाबांनी चिमूट उचलली, नाव उच्चारलं, आणि हात ना फडक्याकडे गेला ना सुपाकडे. मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं पुढची चिमूट उचलून ते पुढच्या नावावर गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं भान सुटलं. परतताना वाटेत विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेले पाहू." पुढच्या खेपेला ते नाहीत आणि मी आहे.

फडक्यावर टाकली आणि उद्या वामन वेशीतून आत आला, तर आमच्या सात पिढ्यांचा शब्द मातीत. सुपात टाकली तर एका जित्या बाईला मी तीन वर्षं आणखी बांधून ठेवतो, कदाचित कायमची. बाबांसारखी मूठ मिटली तरी पंचांच्या लेखी तेच. नियमाप्रमाणं भगवानरावांनाच विचारायचं. थोरले आहेत, सांगतील काय ते. माझ्या डोक्यावर कशाला?

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

अमडापूर, माघ शुद्ध १२

भगवानराव सरळ माणूस, पण आज तासभर कपाशीचं बोलले. वामनचं नाव मी काढलं की त्यांना गोठ्यात काम आठवायचं. शेवटी म्हणाले, माय जिती आहे तोवर मी तोंड कसं उघडू?

मनकर्णाबाई मागच्या वेळेपेक्षा वाळली आहे, पण नजर तीच. मी जळगावाहून आलो हे कळल्यावर तिनं गूळ-पाणी पुढं केलं. तिकडच्या खाऱ्या पाण्यानं घसा बसला असं मी सांगत होतो.

"साऱ्याच इहिरी खाऱ्या नाहीत," ती म्हणाली. "नारायनरावाच्या इहिरीचं पानी पिन्यासारखं हाय."

तिला कुठून ठाऊक, कोण जाणे. ऐकीव असेल. पण नारायणरावांचं नाव तिच्या तोंडून आलेलं ऐकून मी चपापलो. म्हणजे पाटाची गोष्ट तिच्या कानावर आहे, आणि आता ती मला कधीतरी एकटं गाठून सुपासाठी गळ घालणार. तयारीत राहिलं पाहिजे.

तानुबाई विहिरीवर भेटली. मी तिला लग्नात पाहिलं तेव्हा ती हळदीत बुडालेली पोर होती. आता केसांत एखादी रुपेरी तार दिसते. मान खाली घालून कळशी घासत होती. नियम नाही, तरी मी विचारलं, बाई, तुझ्या मनात काय आहे?

"मले त्यायचा चेहरा आठवत नाही, बुवा," ती म्हणाली. "लई आठवून पाह्यते. खेचरावर बसून गेले तवाची पाठ तेवढी दिसते." मग कळशी उलटी करून म्हणाली, "पन आत्याबाईचं मन तोडून मले काहीच नको. त्यायनं मले पोटच्या लेकीवानी ठेवलं."

मी तिथून निघालो आणि देवळामागे जाऊन बसलो. डोळे भरून आले होते. वंशावळीत बाईचं नाव येत नाही. ज्यांच्यासाठी चिमूट उचलायची नाही त्यांचं काय होतं, हे मला कोणी शिकवलं नाही.

अमडापूर, माघ शुद्ध १४

उद्या बसायचं. मनकर्णाबाईनं सगळी तयारी स्वतः केली, कोणाला हात लावू दिला नाही. फडकं तिनंच धुतलं. जोंधळा तिनंच पाखडला, बारीक दाणे बाजूला केले आणि टपोरे तेवढे ताटात ठेवले. सुपासाठीच ही मेहनत असणार, पेरायचे ते दाणे.

एकटं गाठून गळ घालेल असं वाटलं होतं, तसं काही तिनं केलं नाही. दुपारी ओसरीवर मी पाठ म्हणत बसलो होतो तेव्हा ती जवळ आली आणि माझ्या अंगावरच्या शेल्याकडे पाहत राहिली.

"तुमच्या बापाचाच ना हा?"

हो म्हणालो. तिनं शेल्याचा पदर हातात घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि आत गेली. जुन्या विणीची पारख आहे बाईला. आता असे शेले मिळत नाहीत.

मग बराच वेळ आतून कसलाच आवाज आला नाही. एवढ्या मोठ्या घरात भांड्याचासुद्धा नाही.

माझं ठरलं आहे. भगवानरावांना सर्वांसमक्ष विचारणार. ते सांगतील तिथं टाकणार. ते बोलले नाहीत तर बाबांसारखीच मूठ मिटणार. भ्याड म्हणा हवं तर. मनचं घालण्यापेक्षा ते बरं.

अमडापूर, माघ पौर्णिमा

झोपण्याआधी आजच लिहून काढतो.

सकाळी बैठक भरली. भगवानराव, त्यांचे चुलते, गावातले पंच, दारामागे बायका. मूळ पुरुषापासून सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. फडक्यावर चिमटी पडत गेल्या, पणजे, आजे, मनकर्णाबाईचा नवरा पुंजाजी. मग सुपाकडे हात वळला. भगवानराव सुपात, त्यांची मुलं सुपात. अंगठा आपोआप पुढच्या पेरावर गेला आणि मी चिमूट उचलली.

"पुंजाजीचा धाकटा, वामन."

हात तसाच धरून मी भगवानरावांना विचारलं, थोरले म्हणून सांगा, ही चिमूट कुठं टाकू. ते जमिनीकडे पाहत राहिले. पंच माझ्याकडे पाहत होते. माझी मूठ आपोआप मिटली, आणि मिटली तेव्हा मला दिसलं की ही माझी मूठ नाही, हुबेहूब बाबांची आहे. पुढच्या नावासाठी मी दुसरा हात ताटाकडे नेला.

तेवढ्यात दारामागून मनकर्णाबाई बाहेर आली. बायका या बैठकीत येत नाहीत, आजवर मी तसं पाहिलं नाही. कोणी तिला अडवलं नाही. ती माझ्यासमोर येऊन खाली बसली आणि माझी मिटलेली मूठ तिनं दोन्ही हातांत धरली.

"वामन जलमला तवा तुमच्या बापाले म्याच सांगतलं होतं," ती म्हणाली. "आता हेबी म्याच सांगते. माहा वामन गेला. टाका फडक्यावर."

मी भगवानरावांकडे पाहिलं. तिला ते कळलं.

"त्याच्याकडं काऊन पाह्यता? या घरात थोरली मी हावो."

पंचांपैकी एकानं हळूच विचारलं, बाई, काही खबर आली का? ती म्हणाली, खबर नाही. पण तो जिता असता तर आला असता. आपल्या माणसांना टाकून राहणारा तो नव्हता, हे मला नाही कळणार तर कोणाला? इतकी वर्षं मी त्याला सुपात ठेवला तो माझ्यासाठी ठेवला. त्यात ही पोरगी सुकून गेली. हे सगळं तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, घरातलं काम सांगावं तसं.

मी मूठ उघडली. दाणे घामानं तळव्याला चिकटले होते, ते तिनंच बोटानं फडक्यावर सारले. मग मी नाव पुन्हा म्हटलं, गेलेल्यांचं म्हणतात त्या सुरात. ज्या आवाजाचा मला एवढा दिमाख, तो मधेच फुटला. कोणी हसलं नाही.

वाटलं, झालं. पण ती उठली नाही.

"आन् शेल्यातले बी सोडा," ती म्हणाली.

मला अर्थ लागेना. मग तिनंच सांगितलं. मागच्या खेपेला बैठकीच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला विचारलं होतं, बाई, उद्या काय म्हणू? ती म्हणाली होती, अजून नको. सुपात टाका असंही तिच्यानं म्हणवलं नव्हतं. "तवा बुवा म्हने, तं मंग मी माह्यापाशी ठेवतो. तुमी म्हनसान तवा सोडीन." त्या दिवशी बाबांनी मूठ मिटली ती यासाठी, आणि मी त्यांच्या मागे बसून समजत होतो की म्हाताऱ्याचं भान सुटलं. कार्तिकातली ती म्हातारी, विहिरीचं पाणी, शकूरचं हसणं, एकेक आता माझ्या टाळक्यात शिरत होतं. इतकी घराणी पाठ असून समोर बसलेलं माणूस मला वाचता आलं नाही.

गाठ सुटेना. घामापाण्यानं दगड झाली होती. शेवटी दातांनी सोडवली. आतून दाणे कसले, टरफलं आणि थोडं पीठ निघालं. ते मी फडक्यावर त्याच चिमटीशेजारी ठेवलं. मनकर्णाबाई त्याकडे पाहत राहिली आणि मग मात्र रडली, तोंडात पदर घालून, भगवानरावांच्या खांद्यावर डोकं टेकून. भगवानरावांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड झाकलं.

आत तानुबाईचा हंबरडा ऐकू आला. शेजारणी तिच्याकडे निघाल्या, रीतीप्रमाणे कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. म्हातारीनं डोळे पुसले आणि तशीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"तिले कोनी हात लावू नका," ती म्हणाली. "तिच्या हातातल्या म्या उतरवीन. शकूरच्या नव्या हिरव्या पेटीत हायेत."

मग भगवानरावांना म्हणाली, आजच जळगावाला माणूस पाठव. फाल्गुन लांब नाही.

मी उरलेली नावं म्हणून वंशावळ पुरी केली. कशी केली ते आठवत नाही, पण चूक झाली नाही. झाली असती तर कोणीतरी खाकरलंच असतं, असं मला सारखं वाटत होतं.

अमडापूर, माघ वद्य १

सकाळी फडक्यावरचे दाणे कौलांवर टाकले. चिमण्या आल्या, टपोरे तेवढे वेचून घेतले आणि पोकळ टरफलं ठेवून गेल्या. मनकर्णाबाई अंगणात उभी राहून पाहत होती. वाऱ्यानं टरफलं उडून गेल्यावर ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली. तानुबाईनं मला भाकरी बांधून दिली. मग पाया पडली. मी काय आशीर्वाद द्यायचा तो दिला. माझ्या हातून काही झालं नव्हतं, तरी दिला.

इथून दोन गावं करून देऊळघाटला वळायचं. वेशीबाहेर लिंबाखाली बसून हे लिहितो आहे. बाबांची फार आठवण येते. विचारायचं पुष्कळ राहिलं, आणि जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं तेव्हा मी सूर ऐकत होतो, नाव ऐकत नव्हतो. शेल्याचा पदर मोकळा झाला, पण गाठीची चुणी तशीच आहे. अंगठ्यानं दाबून पाहिली, जात नाही.

घरी गेलो की शेला विमलला धुवायला देईन.